पॅडल बदललं की आधी डावी बाजू तपासा

मार्च-एप्रिलमध्ये नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सकाळी साडेसहाला पाणी हलत नाही. समोरचे डोंगर जसेच्या तसे पाण्यात दिसतात. दहानंतर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि बारा वाजायच्या आत पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागतो. चार वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी परत येताना, काठ दोन-अडीचशे मीटरवर असताना, माझी कयाक, म्हणजे एकट्यानं बसून वल्हवायची अरुंद होडी, उलटली. वारा काही विशेष नव्हता. त्याहून जास्त वाऱ्यात मी कित्येकदा गेलो होतो. फरक एकच होता, त्या दिवशी हातातलं पॅडल, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं, नवं होतं.

उजवीकडून एक लाट आली, कयाक डावीकडे कलली, आणि सवयीनं मी डावं पातं पाण्यावर टेकवायला गेलो. ते टेकलंच नाही. कडेनं सरळ खाली गेलं आणि त्याच्यामागे मी. लाइफ जॅकेट होतं, भाचा शेजारच्या कयाकवर होता, पाच-सात मिनिटांत त्यानं मला परत वर घेतलं. चष्मा मात्र धरणात राहिला.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळपासून तीन तास मी त्याच पॅडलनं आरामात वल्हवत होतो, मग नेमक्या वेळेला हात चुकला कसा, हा प्रश्न सुटत नव्हता. उत्तर सापडलं ते सोमवारी कामावर. मी सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनतात तिथं आहे, २६ वर्षं झाली. मशीनवर सेटिंग बदललं की पहिला पीस तपासल्याशिवाय लॉट, म्हणजे पुढचा सगळा माल, चालवायचा नाही, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. आणि तोही कुठंही मोजायचा नाही, जिथं चुकलं तर महागात पडेल ते माप आधी घ्यायचं. मी पॅडल बदललं, म्हणजे सेटिंग बदललं, आणि पहिला पीस न तपासता लॉट चालवला.

कयाकिंगमध्ये ते महागात पडणारं माप म्हणजे ब्रेस. पातं पाण्यावर आडवं टेकवून तोल सावरायचा, याला ब्रेस म्हणतात. साधं पुढे वल्हवताना पातं दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झालं तरी पाणी सांभाळून घेतं, फार तर थोडा जोर वाया जातो. ब्रेसमध्ये तेवढ्याच चुकीला पाणी माफ करत नाही. म्हणून एका पद्धतीच्या पॅडलवरून दुसऱ्यावर जाताना ‘मला हे वल्हवता येतं का’ असं न विचारता ‘याच्यावर मला टेकता येतं का’ असं विचारायचं. हे सगळं मी लिहितोय ते याच एका गोष्टीसाठी.

आता पॅडलांचं बघू. नाशिकमध्ये वल्हं म्हटलं की लोकांना दत्तू भोकनळ आठवतो, आणि आठवायलाच हवा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा गडी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्यानं सुवर्णपदक घेतलं. पण रोइंगचं वल्हं वेगळं. ते बोटीच्या बाजूला कडीत बसवलेलं असतं, आणि त्या कडीची सपाट बाजू पात्याचा कोन धरून ठेवायला मदत करते. कयाकचं पॅडल कशालाच जोडलेलं नसतं. दोन्ही टोकांना पाती, मध्ये दांडा, आणि कोन धरणारी कडी म्हणजे तुमची मूठ. मुठीला जी सवय असेल तोच कोन पाण्यात उतरतो. पॅडल बदलतं, मुठीची सवय बदलत नाही. माझं बिनसलं ते तिथंच.

आपल्याकडे भाड्यानं किंवा विकत मिळतं ते बहुतेक युरो पॅडल. रुंद, चमच्यासारखी थोडी खोलगट पाती, ॲल्युमिनियम किंवा फायबरचा दांडा, लांबी साधारण २१० ते २४० सेंटिमीटर. मधोमध जोड असतो, बटण दाबून एक पातं दुसऱ्याच्या तुलनेत फिरवता येतं. याला फेदर म्हणतात. स्वस्त पॅडलला बहुधा तीनच भोकं असतात: मधलं शून्य अंशाचं आणि दोन्ही बाजूंना ६० किंवा त्याच्या आसपास. फेदर ठेवायचं कारण एवढंच की एक पातं पाण्यात असताना हवेतलं पातं समोरचा वारा कापत जावं. मात्र वारा बाजूनं असेल तर तेच फिरलेलं पातं वाऱ्याला सापडतं आणि हात वर उचलला जातो.

मी सहा वर्षं ६० अंशांवर, उजव्या मुठीच्या ताब्यानं वल्हवत होतो. म्हणजे उजवी मूठ दांड्यावर पक्की, डावी सैल. उजवं पातं टाकताना काहीच करायचं नाही. डावं टाकायच्या आधी उजवं मनगट मागे वाकवायचं, की दांडा डाव्या मुठीत फिरतो आणि डावं पातं बरोबर बसतं. सहा वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मनगट फिरतंय हेसुद्धा जाणवत नव्हतं. नवं लाकडी पॅडल बिनफेदरचं, दोन्ही पाती एका रेषेत. शांत पाण्यात लक्ष होतं तोवर मनगट सरळ राहिलं. लाट आली, लक्ष गेलं, मनगट आपोआप फिरलं, आणि डावं पातं आडवं पडायच्या ऐवजी कडेवर उभं राहिलं. उजवीकडे कललो असतो तर बहुतेक वाचलो असतो, कारण उजव्या मुठीला दोन्ही पॅडलं सारखीच. म्हणून फेदर बदलताना ताब्याच्या मुठीच्या विरुद्ध बाजू आधी तपासायची. तुमचा ताबा डाव्या मुठीत असेल तर या लेखातली सगळी ‘डावी’ उजवी करून वाचा.

यावर माझा पहिला सल्ला सरळ आहे: दोन पॅडलं आलटून पालटून वापरणार असाल तर दोन्हींचा फेदर एकच ठेवा. माझ्या मते शून्य. शर्यतवाले हे मान्य करणार नाहीत, त्यांचं कारणही बरोबर आहे. पण आपल्यासारख्या रविवारी तीन-चार तास धरणावर घालवणाऱ्यांना वारा कापण्यातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा दोन्हीकडचा ब्रेस एकसारखा असणं मोलाचं. मनगटालाही आराम पडतो. माझं उजवं मनगट पावसाळ्यात अधूनमधून दुखायचं ते आता दुखत नाही. मात्र ६० वरून एकदम शून्यावर येऊ नका. तुमच्या पॅडलच्या जोडाला मधले अंश असतील तर ६०, ४५, ३०, १५ असे उतरा, प्रत्येक टप्प्यावर निदान तीन-चार रविवार काढा. तीनच भोकं असतील तर शून्यावर या, पण पहिला महिनाभर कंबरभर पाण्याच्या पुढे जाऊ नका.

दुसरं काम घरी करायचं, पाण्याशिवाय. आमच्या गच्चीवर मी पाट मांडतो, पाय लांब करून बसतो, पॅडल हातात घेतो आणि डोळे मिटतो. भाचा काटकोन्या घेऊन बाजूला उभा राहतो. मी पुढे वल्हवल्यासारखे वीस हात मारतो आणि तो मध्येच कुठंतरी म्हणतो, “मामा, थांबा.” मी थिजल्यासारखा थांबतो. डावं पातं त्या क्षणी जिथं असेल तिथं तो काटकोन्या लावून सांगतो, “मागे झुकलंय, साधारण वीस.” डोळे न उघडता मी मूठ दुरुस्त करतो, तो “हां, आता” म्हणतो, आणि त्या क्षणी बोटांच्या पेरांना दांडा कसा लागतोय ते मी लक्षात ठेवतो. पहिल्या दिवशी त्यानं वीस वेळा थांबवलं, त्यात तेरा वेळा माझं डावं पातं चुकलं होतं. आठवड्याभरात वीसपैकी दोन-तीनदाच चुकायला लागलं. डोळे उघडे ठेवून हा सराव काही कामाचा नाही, कारण लाटेत तुम्ही पात्याकडे बघणार नसता.

पेरांना काहीतरी जाणवावं म्हणून दांड्याला खूण हवी. बऱ्याच चांगल्या पॅडलचा दांडा मुठीच्या जागी लंबगोल असतो, हातात धरताच पातं कुठं आहे ते कळतं. गोल दांडा असेल तर उजव्या मुठीखाली पात्याच्या रेषेत सुतळीचा वीतभर तुकडा लांबीनं ठेवा आणि त्यावर सायकलच्या हँडलला गुंडाळतात तशी कापडी टेप ताणून गुंडाळा. वीस-तीस रुपयांत काम होतं. दोन्ही पॅडलांना ही खूण एकाच जागी करा, बोटाच्या एकाच पेराखाली येईल अशी.

माझं लाकडी पॅडल म्हणजे ग्रीनलँड पद्धतीचं. ग्रीनलँडमध्ये झाडं जवळजवळ नाहीत. तिथले इनुइट लोक समुद्रानं वाहून आणलेल्या लाकडातून अशी अरुंद, लांब पात्यांची पॅडलं घडवायचे. माप अंगावरून घेतात: दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर, अधिक कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माझं १६८ अधिक ४५, म्हणजे २१३ सेंटिमीटर. पात्याची रुंदी मुठीत मावेल एवढी, माझ्या हाताला साडेआठ. मधला दांडा साधारण खांद्यांच्या रुंदीचा. सागवान घेऊ नका, जड होतं, तासाभरात खांदे भरून येतात. मी अंबडला मशीनच्या पॅकिंगची पाइनची फळी घेतली, बिनगाठीची, सरळ रेषांची, आणि गल्लीतल्या मिस्त्रींकडून रंधा मारून घेतला. ते आधी म्हणाले, “भाऊ, हे वल्हं नाही, पट्टी झाली ही.” मग कडा कुठं पातळ करायच्या ते त्यांनीच मला दाखवलं. वरून जवसाचं तेल, तीन हात, प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू द्यायचं. एक गोष्ट विसरू नका: तेल लावलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

युरोवरून ग्रीनलँडवर येताना चार गोष्टी एकदम बदलतात आणि त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. मुठी जवळ येतात. अंगठा आणि तर्जनी दांड्यावर, उरलेली तीन बोटं पात्याच्या बुडाशी. मुठी खाली येतात. युरोला वरचा हात डोळ्यांपर्यंत जात असेल तर इथं तो छातीच्या वर न्यायचा नाही. तिसरी गोष्ट लोकांना सगळ्यात जड जाते: पातं पाण्यात सरळ उभं घालायचं नाही, वरची कड थोडी पुढे झुकवून घालायचं. सरळ घातलं तर ते पाण्यात थरथरतं, मुठीला ती थरथर स्पष्ट कळते. कड झुकवली की थरथर एकदम बंद होते आणि पातं स्वतःहून खाली उतरतं. हा झुकाव किती, ते पुस्तकातल्या अंशांवरून ठरवू नका. थरथर थांबेपर्यंत मुठी हळूहळू पुढे वळवा आणि थांबली की तिथंच ठेवा. चौथी म्हणजे घाई. युरो पाण्यात पडलं की लगेच जोर देता येतो. अरुंद पात्यावर लगेच जोर दिला तर हवा आत ओढली जाते आणि ‘डुबुक’ असा आवाज येतो. पातं पूर्ण बुडेपर्यंत थांबा, मग पोटातून वळून ओढा. आवाज आला नाही म्हणजे बरोबर आहे. सकाळच्या शांततेत हा आवाज ऐकत वल्हवण्यासारखा दुसरा गुरू नाही, माझ्या भाच्याला तर मी फक्त कानावर शिकवलं.

ब्रेसचं मात्र ग्रीनलँड पॅडलवर एक सुख आहे. मुठी सरकवून पॅडल एका बाजूला लांब काढता येतं, आणि एवढ्या लांब, हलक्या लाकडावर माणूस चांगला टेकतो. पण ते नंतर. आधी मुठी जागेवर ठेवूनच जमलं पाहिजे.

काठावर गेल्यावरचा क्रम असा. गुडघा-मांडीभर पाण्यात कयाक घ्या, तळाला चिखल असेल, दगड नसेल अशी जागा. धरणाच्या भिंतीच्या आसपास अजिबात जायचं नाही. हे शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि भिंतीजवळ आपलं काही काम नाही. सोबत एक जण पाण्यात उभा हवा. आधी डावा ब्रेस, दहा वेळा: मूठ खाली, कोपर मुठीच्या वर, पात्याची पाठ पाण्यावर सपाट, कयाक मुद्दाम डावीकडे कलवायची आणि पात्यावर थाप मारून कंबरेनं सरळ व्हायचं. थापेचा आवाज सपाट, भाकरी थापल्यासारखा आला पाहिजे. ‘सप्’ असा चिरल्यासारखा आला तर पातं कडेवर आहे. दहाच्या दहा सपाट झाल्याशिवाय पुढे नाही. मग उजवा. मग सोबत्याला सांगायचं की न सांगता कुठूनही कयाक ढकल. हे शेवटचं खरं. पहिले दहा तुम्ही विचार करून केलेले असतात, ढकलल्यावरचा हात मुठीचा स्वतःचा असतो. त्यात चुकलात तर त्या दिवशी जुनंच पॅडल घेऊन जा. मी तीन रविवार जुनंच घेऊन गेलो.

विंग पॅडलबद्दल मी जपून लिहितो, कारण माझा त्यावर हात वर्षभराचाच आहे. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये हे निघालं आणि काही वर्षांत शर्यतीतल्या कयाकवाल्यांनी दुसरी पॅडलं जवळजवळ सोडून दिली. पातं विमानाच्या पंखासारखं, एक कड वळलेली. युरोसारखं ते कयाकला समांतर मागे ओढलं तर डगमगतं. पायांजवळ, कयाकला चिकटून टाकायचं आणि कयाकपासून तिरपं बाहेर जाऊ द्यायचं. त्याला स्वतःलाच बाहेर जायचं असतं, अडवायचं नाही. कंबरेपाशी कोपर वर उचललं की पातं सुटतं. शांत पाण्यात याच्यासारखा वेग कशालाच नाही. पण त्याच्या पाठीवर ब्रेस घेऊ नका. पाठ फुगीर, कड वळलेली, ती पाण्याला पकडून खाली शिरते. शिवाय विंगला बहुधा फेदर असतोच, म्हणजे शून्याची सवय असलेल्याची डावी बाजू इथं पुन्हा चुकणार, यावेळी उलट्या दिशेनं. मी विंग फक्त सकाळी नऊच्या आत आणि काठाकाठानं वापरतो. ग्रीनलँडवरून थेट विंग हातात घेतलं की निदान दहा मिनिटं कंबरभर पाण्यात घालवल्याशिवाय पुढे जात नाही.

एका पात्याच्या कॅनो-वल्ह्याचं थोडक्यात: वरची मूठ टोकावर असते, त्यामुळे कोन डोळे मिटूनही कळतो आणि गोंधळ कमी होतो. ज्या बाजूला वल्हं नाही त्या बाजूला आधारही नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कुठं काय न्यायचं, हे माझं ठरलेलं आहे. पाणवेली किंवा बुडालेलं गवत असेल तिथं ग्रीनलँड, अरुंद पातं त्यातून निसटतं, रुंद पात्यावर वेलींचा भारा चढतो. मे महिन्यात पाणी उतरून वीतभर उरतं तिथं युरो, कारण लांब पातं चिखलात रुततं. वाऱ्यात ग्रीनलँड. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, बोटं बधिर होतात आणि पेरांखालची खूण कळेनाशी होते, त्या दिवसांत पॅडल बदलायचा प्रयोगच करत नाही. जून ते सप्टेंबर मी धरणावर जात नाही.

भर पाण्यात पॅडल बदलायची वेळ येते, उदाहरणार्थ सकाळी युरोवर गेलात आणि परतताना वारा लागला. दुसरं पॅडल कयाकच्या पुढच्या भागावर इलॅस्टिकच्या दोरीखाली ठेवा, मागे नाही. मागचं काढायला वळलात की तोल जातो. कयाकचं नाक वाऱ्याकडे करा, लाटा समोरून घ्या. हातातलं पॅडल मांडीवर आडवं ठेवा आणि ते दोरीनं कयाकला बांधलेलं असू द्या. दुसरं ओढून हातात पक्कं बसलं की मगच पहिलं दोरीखाली सरकवायचं. मधल्या काळात एक क्षणही दोन्ही हात रिकामे नकोत. मग निघायच्या आधी, नाक वाऱ्याकडेच ठेवून, डावीकडे तीन थापा. मागच्या रविवारी परतताना भाचा माझ्या पुढे वीसेक मीटरवर होता. त्यानं पॅडल बदललं, आणि मला काही सांगावं लागायच्या आत पाण्यावरून तीन सपाट आवाज ऐकू आले.